मोरचूद, जस्त आणि मधला पोटॅश

"बाई, ते सॉल्ट ब्रिज नसलं तर नेमकं काय अडतं हो?"

वहिनींनी कुंपणावरून हे विचारलं तेव्हा मी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागच्या दाराकडे. दारात नात उभी. म्हणजे प्रश्न नातीचा आणि वकील आजी. पोरीचं बारावीचं वर्ष आहे. विद्युतरसायनाचा धडा झालाय, क्लासच्या सरांनी सॉल्ट ब्रिजची तीन कामं लिहून दिली आहेत: दोन द्रावणं जोडून सर्किट पूर्ण करणं, ती द्रावणं एकमेकांत मिसळू न देणं, आणि दोन्हीकडे विद्युतभाराचा समतोल राखणं. तिन्ही तिला तोंडपाठ. पण "नसलं तर काय?" असं विचारल्यावर सर म्हणाले म्हणे, परीक्षेला एवढं पुरतं.

पुरतं, खोटं नाही. बोर्डाच्या पुस्तकात हेच तीन मुद्दे आहेत. पण तिन्ही एका रांगेत लिहिले की तिन्हींचं वजन सारखं वाटायला लागतं. माझं मत विचाराल तर तिसरा मुद्दा खरा, पहिला त्याच्याच पोटातून निघालेला, आणि दुसरा भलत्याच कारणासाठी आलेला पाहुणा आहे.

वहिनी मागच्या पायरीवर मोड आलेल्या वालांचं पातेलं घेऊन बसल्या होत्या. बिरड्याचे वाल सोलायचे म्हणजे तासाभराची निश्चिंती. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेली, निवृत्त झाले तरी कर्जतच्या दहिवलीत सगळे मला बाईच म्हणतात. मी खुर्ची कुंपणाजवळ ओढली.

"वहिनी, लॅब राहू द्या. हा अख्खा सेल भाऊजींच्या दुकानात पडलाय."

भाऊजींचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मोरचूद ठेवतात, सुपारीवाले, आंबेवाले चुन्यात मिसळून बोर्डो मिश्रण करून फवारतात ते. तेच कॉपर सल्फेट. भाताला खैरा पडला, पानांवर तांबूस ठिपके आले की शेतकरी झिंक सल्फेट मागायला येतो, तेही आहेच. आणि लालसर दाण्यांचा पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणतात त्याला, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोरीच्या वहीत सॉल्ट ब्रिजच्या चित्राखाली 'केसीएल' लिहिलंय ना, ते हेच. दाण्यांचा लाल रंग तेवढा लोखंडाच्या अंशाचा, पाण्यात विरघळवून गाळून घेतलं की काम भागतं.

"अगं बाई! म्हणजे आमच्याकडे सॉल्ट ब्रिज पन्नास किलोच्या गोणीत मिळतं?"

"मिळतं. आणि तेही परदेशातून आलेलं. आपल्याकडे पोटॅशची खाण चालत नाही. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, असा कुठून कुठून माल येतो."

"ते मला नका सांगू. २०२२ ला तिकडे युद्ध पेटलं आणि इकडे गिऱ्हाईक आमच्या अंगावर धावून येत होतं भावासाठी."

नात आता कुंपणाशी आली होती. म्हटलं, बाळा, दोन काचेचे ग्लास डोळ्यांसमोर आण. एकात झिंक सल्फेटचं पाणी, त्यात जस्ताची पट्टी. दुसऱ्यात मोरचुदाचं निळं पाणी, त्यात तांब्याची पट्टी. दोन्ही पट्ट्यांना तार लाव, मध्ये मीटर. काय दिसेल? शून्य. आता कापसाची जाडशी वात पोटॅशच्या पाण्यात भिजव, एक टोक या ग्लासात, दुसरं त्या ग्लासात. मीटर एक व्होल्टच्या वर उडी मारतो. पुस्तकातला आकडा १.१० व्होल्ट, दोन्ही द्रावणं एक मोलर असली तर. वात उचल, पुन्हा शून्य.

"म्हणजे वीज त्या वातीतून जाते," वहिनींनी निकाल देऊन टाकला.

इथेच निम्मी पोरं घसरतात. शिक्षकही घसरलेले पाहिलेत. इलेक्ट्रॉन तारेतूनच जातात. पाण्यात मोकळा इलेक्ट्रॉन फिरत नाही, वातीतही नाही. पाण्यातून हलतात ते आयन, म्हणजे भार घेतलेले अणू किंवा अणूंचे गट.

"मग नीट सांगा."

सांगितलं. जस्ताचा अणू पट्टी सोडून पाण्यात उतरतो तेव्हा दोन इलेक्ट्रॉन पट्टीवर ठेवून जातो. ते दोन तारेतून तांब्याच्या पट्टीवर पोचतात. तिथे निळ्या पाण्यातला तांब्याचा आयन ते उचलतो आणि तांबं होऊन पट्टीवर बसतो. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. आता ग्लासांत काय उरलं ते बघा. जस्ताच्या ग्लासात धन आयन एकाने वाढला, पण त्याच्या जोडीला ऋण काही आलं नाही. तांब्याच्या ग्लासातून धन आयन एकाने कमी झाला, त्याच्या जोडीचं सल्फेट मागे एकटं उरलं. एक ग्लास धन व्हायला लागला, दुसरा ऋण. धन झालेला ग्लास पुढच्या इलेक्ट्रॉनला सोडायला तयार नाही, ऋण झालेला त्याला घ्यायला तयार नाही. खेळ खलास.

"किती वेळाने खलास?" नातीने विचारलं. हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो कुठल्याच नोट्समध्ये नसतो.

अंदाजाने हिशेब मांडता येतो. दोन ग्लासांमध्ये भार साठवायची ताकद असते ती काही पिकोफॅरडची, म्हणजे जवळपास नाहीच. एक व्होल्टला तेवढ्यात मावणार काही कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण एक मिलिअँपिअर प्रवाह म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६२ कोटी कोटी इलेक्ट्रॉन. तेव्हा ते काही कोटी सेकंदाच्या कोटीव्या भागाच्याही आत संपतात. जस्ताची पट्टी झिजलेली दिसणं लांबच, मीटरचा काटा हलायच्या आत सगळं थांबलेलं असतं. सॉल्ट ब्रिज नसेल तर सेल हळूहळू मंदावतो असं पोरं लिहितात. मंदावत नाही, सुरूच होत नाही.

आता वात टाका. जस्ताच्या ग्लासात धन वाढलं की वातीतलं क्लोराइड तिकडे उतरतं. तांब्याच्या ग्लासात सल्फेट एकटं पडलं की पोटॅशियम तिकडे उतरतं. जेवढा भार तारेतून गेला तेवढाच क्षणोक्षणी आयनांच्या वाटेने भागवला जातो, आणि हे काम पोटॅशियम आणि क्लोराइड जवळजवळ निम्मं-निम्मं वाटून घेतात. ग्लास कधी धन होत नाही, कधी ऋण होत नाही. म्हणून तार वाहते. सर्किट पूर्ण होतं म्हणजे दुसरं काही नाही, एवढंच होतं.

वहिनींनी सोललेले वाल पाण्यात टाकले. "म्हणजे लग्नातला मध्यस्थ. दोन्ही घरांत जातो, कुणाचा नसतो, आणि तो नसला तर बोलणी पुढे सरकत नाहीत."

"अर्धं बरोबर. कुणाचा नसतो हे अगदी खरं. दोन्हीकडच्या कशाशीही त्याने रासायनिक नातं जोडायचं नाही ही पहिली अट. म्हणून समोर चांदीचं द्रावण असलं की पोटॅशियम क्लोराइड चालत नाही. क्लोराइडची चांदीशी सोयरीक होते, पांढरा साका धरतो आणि नळीचं तोंड बुजतं. तिथे पोटॅशियम नायट्रेट नाहीतर अमोनियम नायट्रेट घ्यायचं. पण मध्यस्थ इकडचा निरोप तिकडे नेतो, हा इकडचं काही तिकडे पोचवत नाही. दोन्ही घरांना जे द्यायचं ते स्वतःच्या खिशातून देतो."

"असला मध्यस्थ आमच्या थोरलीच्या वेळी मिळाला असता तर!" आणि मग थोरलीच्या लग्नात मानपानावरून काय झालं ते सगळं पुन्हा एकदा झालं. ते इथे लिहीत नाही. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना ते पाठ आहे.

नातीला लॅबमधली नळी कशी भरतात ते सांगितलं, कारण चित्रात नुसती उलटी यू दाखवतात आणि आत काय आहे ते कुणाच्या डोक्यात येत नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम क्लोराइड विरघळेल तेवढं टाकायचं, तीसेक ग्रॅम आरामात जातं. त्यात तीन ते पाच ग्रॅम अगर टाकून उकळायचं. अगर म्हणजे आपण पुडिंगला घालतो ते चायना ग्रास, समुद्रशेवाळापासून काढलेलं. गरम असतानाच ते यू नळीत ओतायचं आणि गार होऊ द्यायचं. घट्ट जेली होते. नळी उलटी केली तरी सांडत नाही, आयन मात्र तिच्यातून जवळपास पाण्यातल्यासारखेच सरकतात. भरताना हवेचा एक बुडबुडा आडवा राहिला की संपलं, नळी भरलेली दिसते आणि मीटर शून्य दाखवतो. प्रॅक्टिकलला "आमचा सेल चालत नाही" म्हणून हात वर व्हायचे त्यातले बरेचसे त्या बुडबुड्याचे असायचे. उरलेले वाळलेल्या टोकांचे. काम झाल्यावर नळीची टोकं केसीएलच्या पाण्यात बुडवून ठेवायची असतात आणि शेवटच्या बॅचची पोरं ती ओट्यावर टाकून पळायची.

पुस्तकवाल्यांशी माझं एक जुनं भांडण आहे तेही सांगून टाकते. कित्येक पुस्तकांत या सेलच्या तारेत बल्ब लावून पेटलेला दाखवतात. अगर भरलेल्या नळीचा विद्युतरोध शे-दोनशे ओहम सहज असतो. १.१ व्होल्ट आणि शे-दोनशे ओहम म्हणजे पाच-दहा मिलिअँपिअर, तेही फार झाले. बॅटरीच्या साध्या बल्बला दोन-तीनशे लागतात. लाल एलईडीलासुद्धा पावणेदोन-दोन व्होल्ट हवेत, म्हणजे असे दोन सेल एकापुढे एक जोडायला हवेत. चित्र बघून घरी करणारं पोर बल्ब पेटला नाही म्हणून स्वतःलाच नाव ठेवतं. काट्याचा जुना व्होल्टमीटर लावला तर तोही थोडा प्रवाह खेचतो आणि कमी दाखवतो. डिजिटल मल्टिमीटर जवळजवळ काहीच खेचत नाही, तो पूर्ण आकडा दाखवतो.

"पण बाई, मिसळू का द्यायचं नाही? एकाच पातेल्यात दोन्ही पट्ट्या बुडवल्या तर नळीच नको." हे वहिनींचं. दुकानदाराची बायको, खर्च कुठे वाचतो ते आधी दिसतं.

वाचतो. व्होल्टाने १८०० साली पहिली विजेची चळत रचली तेव्हा नळीबिळी काही नव्हतीच. एक चकती जस्ताची, एक चांदीची नाहीतर तांब्याची, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. चाललं ते. पण थोड्या वेळात दुसऱ्या धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटायचे आणि प्रवाह गळायचा. तारायंत्राला असली मरतुकडी वीज चालणार नव्हती. लंडनच्या किंग्ज कॉलेजात जॉन फ्रेडरिक डॅनियल रसायनशास्त्र शिकवायचा. त्याने १८३६ मध्ये युक्ती काढली: तांब्याभोवती मोरचुदाचं द्रावण ठेवायचं, म्हणजे तिथे हायड्रोजन सुटायच्या ऐवजी तांबंच बसेल. पण मग दुसरी पंचाईत. मोरचुदाचं पाणी जस्तापर्यंत पोचलं की तांबं सरळ जस्तावरच बसतं. इलेक्ट्रॉन जागच्या जागी हातोहात दिले जातात, तारेकडे कुणी फिरकत नाही, पाणी तेवढं कोमट होतं. म्हणून दोन पाणी वेगळी ठेवायची. तुमचा दुसरा मुद्दा इथून आला. वीज चालावी म्हणून आयनांना वाट हवी, आणि वीज तारेतूनच जावी म्हणून पाण्यांमध्ये आडोसा हवा. एकाच वस्तूकडून दोन उलटी कामं.

"आडोसा कशाचा केला त्याने?"

"बैलाच्या अन्ननलिकेचा."

वहिनींचा हात वालांवरच थांबला. "शी, बाई! मी जेवणाचं करतेय."

खरं तेच सांगितलं. पुढे त्याची जागा बिनझिलईच्या, न रंगवलेल्या मातीच्या भांड्याने घेतली. आपल्या माठातून पाणी झिरपतं तसंच ते, भिंतीतून आयन जायचे, पाणी फारसं मिसळायचं नाही. भारतात १८५५ मध्ये तारायंत्र सर्वसामान्यांसाठी खुलं झालं. त्या काळात जगभर तारा खडखडत होत्या त्या डॅनियलच्या आणि त्याच्या भाऊबंद सेलांवर. एक प्रकार तर बिनभिंतीचाच होता: जड मोरचुदाचं पाणी तळाला, हलकं झिंक सल्फेटचं वर, दोघं आपापल्या वजनाने वेगळी. त्यातली गंमत अशी की तो सेल सतत वापरात ठेवावा लागे. रिकामा बसला की निळं पाणी हळूहळू वर चढायचं आणि जस्ताची वाट लागायची. काचेची यू नळी आणि अगर हे सगळं नंतरचं, लॅबमधल्या स्वच्छ मापांसाठी.

आपल्या भागात विजेचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो टाटांचा वीजप्रकल्प. १९१५ साली खोपोलीहून मुंबईला वीज गेली, १९२२ साली भिवपुरीहून. डोंगरावरचं पाणी खाली येतं, चाक फिरवतं. त्या विजेत आयनांचा काही संबंध नाही, तांब्याच्या तारांतच सगळा कारभार. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना वीज म्हणजे तार एवढंच डोक्यात बसलेलं असतं, आणि सेलकडे बघतानाही ती तारच बघतात.

इतक्यात वहिनींनी आवाज खाली आणला. म्हणजे खरी बातमी आता.

"कशेळ्याकडच्या त्या फार्महाऊसवाल्या शेठचं कळलं का? पाइप फुटला. दुसऱ्याच पावसाळ्यात. प्लंबरला बोलावून काय काय बोलला म्हणे, माल चोरीचा लावलास म्हणाला. प्लंबर बिचारा दुकानाच्या पायरीवर येऊन बसला होता, पाइप आयएसआय मार्कचा होता म्हणून शपथा घेत."

"कुठे फुटला?"

"जमिनीत. सोलरच्या गरम पाण्याची तांब्याची लाइन जिथे जीआय पाइपाला जोडलीय तिथे, अगदी सांध्यापाशी."

"तांब्याला काही झालं नसेल."

"तुम्हाला काय माहीत? नवा कोरा आहे म्हणे तांब्याचा तुकडा!"

माहीत असायला तिथे जायला नको. जीआय पाइप म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला तांबं, धातूला धातू भिडलेला, म्हणजे तार जोडलेलीच. आणि भोवती ओली माती. कर्जत-खालापूरच्या पावसात ती चार महिने चिंब असते, त्यात घराच्या कडेला खताचे, सांडपाण्याचे क्षार. आयनांना वाट आयती. जस्त जातं, जस्त संपलं की लोखंड जातं, तांबं मजेत राहतं. नातीच्या वहीतलाच सेल, फक्त इथे पूल वेगळा काढून दाखवता येत नाही, एकच ओलावा दोन्ही धातूंना शिवलेला असतो. लॅबमध्ये अभिक्रिया थांबवायची तर नळी उचलतो. शेठ काय जमीन उचलणार? तेव्हा तार तोडायची. तांबं आणि जीआय यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा इन्सुलेटिंग युनियन टाकायचं, म्हणजे इलेक्ट्रॉनची वाट बंद. ओलावा मग कितीही असू दे.

"मग चूक प्लंबरची?"

"पाइपाची नाही, एवढं नक्की. ज्याने तांबं थेट जोडलं त्याची, आणि ज्याने तांबंच पाहिजे म्हणून हट्ट धरला त्याचीही." वहिनींनी हे दुसरं वाक्य संध्याकाळपर्यंत दुकानात पोचवलं असणार याबद्दल मला शंका नाही.

हाच ओलावा सरकारी-खासगी दोन्ही गॅस कंपन्या उपयोगाला लावतात. जमिनीखालून गॅसच्या पोलादी पाइपलाइनी जातात, त्यांच्या गंजावर लक्ष ठेवणारा माणूस येतो. त्याच्या हातात नळकांडं असतं: तांब्याची कांडी, संपृक्त मोरचुदाचं पाणी आणि तळाला सच्छिद्र बूच. जमिनीवर थोडं पाणी ओतून ते टेकवायचं आणि पाइपाशी जोडलेल्या मीटरवर आकडा वाचायचा. उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण आला की पाइप सुरक्षित धरतात. ते सच्छिद्र बूच आणि खालची ओली माती मिळून सॉल्ट ब्रिजचंच काम करतात. कोरड्या जमिनीवर टेकवलं तर आकडा विश्वासाचा नसतो. आपला वायरमनही अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळशाचे थर घालतो आणि मे महिन्यात पाणी ओता म्हणून सांगून जातो, ते याच जातीचं शहाणपण.

मागच्या आळीतला पोरगा एवढ्यात ड्यूटीवरून परतला. पाताळगंगा एमआयडीसीत एका कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेच्या लॅबमध्ये आहे. आमच्याच लॅबमध्ये शिकला, त्यामुळे मला बघितलं की अजून बॅग खांद्यावरून उतरवून उभा राहतो. सॉल्ट ब्रिजचं ऐकून हसला. "बाई, बारावीनंतर ते परत दिसेल असं वाटलं नव्हतं. आता रोज हातात असतं."

रोज असतंच. पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडच्या आत ते दडलेलं असतं. एक काचेचा फुगा हायड्रोजन आयन ओळखतो, पण व्होल्टेज मोजायला दुसरं टोक लागतंच. ते टोक म्हणजे चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड, तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवलेलं, आणि बाहेरच्या पाण्याशी त्याचा संबंध एका बारीकशा सिरॅमिकच्या टिकलीतून. केसीएल त्यातून अगदी कणाकणाने झिरपतं. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या मध्ये असावा लागतो, आणि ते ठरवणारा आकडा या टिकलीच्या भरवशावर उभा असतो. माती परीक्षणालाही तेच मीटर. एक भाग माती, अडीच भाग पाणी, ढवळायचं, इलेक्ट्रोड बुडवायचा.

"पण साधं मीठ का नाही चालत? पेणचं मीठ केवढं स्वस्त," वहिनी म्हणाल्या.

कामचलाऊ चालतं. वातीच्या खेळाला तर अगदी चालतं. पण मोजमापाला नाही, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. आयन पाण्यात किती चपळ ते त्यांच्या वाहकतेवरून कळतं: पोटॅशियम ७३.५, क्लोराइड ७६.३. जवळपास बरोबरीने धावतात. सोडियम ५०.१, रेंगाळणारा. मिठाच्या पुलातून क्लोराइड पुढे निघून जातं, सोडियम मागे राहतं, आणि पुलाच्या तोंडाशीच काही मिलिव्होल्टचा फरक तयार होतो. सेलच्या १.१ व्होल्टमध्ये तो कुणाला कळणार नाही. पण पीएचचा एक अंक म्हणजे २५ अंश सेल्सिअसला साधारण ५९ मिलिव्होल्ट. पुलाने सहा मिलिव्होल्ट खाल्ले की वाचनात ०.१ ची चूक झाली, आणि ती कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून पोटॅशियम क्लोराइड, नाहीतर अमोनियम नायट्रेट. त्यातले दोघेही ७३.५ आणि ७१.४, म्हणजे बरोबरीचेच.

पोरगा म्हणाला, त्यांच्याकडे मीटर सारखं डळमळायचं. नवा माणूस काम झालं की इलेक्ट्रोड स्वच्छ राहावा म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायचा. स्वच्छतेचा हा प्रकार नेमका उलटा. शुद्ध पाणी आतलं केसीएल ओढून घेतं, पूल रिकामा होतो. इलेक्ट्रोड ठेवायचा तो तीन मोलर केसीएलमध्ये.

नातीला मी सांगितलं, परीक्षेत तिन्ही मुद्दे लिही, मार्क तिन्हींना आहेत. पण पहिल्या ओळीत लिही की क्लोराइड जस्ताकडे जातं, पोटॅशियम तांब्याकडे जातं, आणि म्हणून कुठलाही ग्लास भारित होत नाही. बाण काढ. तपासणाऱ्याला कळतं कुणाला समजलंय ते. आणि पुलावर इलेक्ट्रॉनचा बाण चुकूनही काढू नकोस.

रविवारी करून बघायचं ठरलं आहे. जस्तासाठी जुना कोरडा सेल फोडून त्याचं जस्ताचं कवच, तांब्यासाठी वायरमनकडची जाड तार, मीटर वायरमनचाच. तुम्हीही करून बघा, पण दोन गोष्टी पाळा. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरातला एकही ग्लास, चमचा त्याला लावू नका, हात धुवा, लहान पोरांना लांब ठेवा. आणि उरलेलं निळं पाणी ओढ्यात किंवा उल्हास, पाताळगंगेत ओतू नका. तांब्याचे आयन माशांना फार थोडे असले तरी मारतात. त्या पाण्यात मूठभर लोखंडी खिळे टाकून दोन-तीन दिवस ठेवा. खिळ्यांवर आणि तळाशी तांबं बसतं, निळा रंग निघून जातो.